नवी कोरी, नापास

स्कूटरची पीयूसी संपत आल्याचा मेसेज मोबाईलवर आला की मला माझे घरमालक आठवतात. दिंडोशीला, हायवेपासून जरा आत, टेकडीच्या अंगाला असलेल्या वसाहतीत त्यांचं घर होतं आणि त्यातली एक खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली, ऑफिस मरोळला. सगळी वसाहत त्यांना काका म्हणायची म्हणून मीही काका म्हणायला लागले. त्यांच्या बायकोला काकी.

राहायला आले त्या दिवशी बॅग उघडून मी नवी चादर पलंगावर घालायला घेतली. काका दारात उभे होते. ते एकदम चिंतेत पडले.

"ही आजच वापरणार?"

"हो. का?"

"नाही, नवीन दिसते म्हणून विचारलं." मग थोडं थांबून म्हणाले, "जुनी नाहीये का एखादी? असेल तर आधी ती काढ ना. ही राहू दे."

मला वाटलं, माणूस चिक्कू दिसतोय. तसं नव्हतं ते. पण ते कळायला मला बरेच महिने लागले.

काकांची सगळी नोकरी मरोळच्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून गेलेली. बेअरिंगं, पट्टे, नट-बोल्ट, रंगाचे डबे, सगळं त्यांच्या ताब्यात. आधी आलेला माल आधी बाहेर द्यायचा, मागून आलेला मागे ठेवायचा, हा तिथला नियम त्यांनी घरीही आणला होता. त्याची सगळ्यात मोठी शिकार म्हणजे पाव. सकाळी पाववाला दारात गरम पाव देऊन जायचा. काका तो डब्यात ठेवायचे आणि कालचा बाहेर काढायचे. आजचा उद्या. त्या घरात ताज्या पावाचा वास रोज यायचा, पण ताजा पाव कुणी खाल्लेला मी पाहिला नाही. केळ्यांचं तेच. शर्टांचंही. दिवाळीला, वाढदिवसाला मिळालेले शर्ट डांबरगोळ्या घालून कपाटात रचलेले, आणि काका कॉलर विरलेल्या शर्टात. सोफ्यावर प्लॅस्टिक, रिमोटवर प्लॅस्टिक, फ्रिजच्या हँडलला फडकं. "वस्तू काढली की संपली," असं ते म्हणायचे, आणि इतक्या गंभीरपणे म्हणायचे की हसायचं धाडस व्हायचं नाही.

आणि मग मला डेंग्यू झाला.

हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा माझ्या अंगात उभं राहायचंही बळ नव्हतं. पाहते तर माझ्या पलंगावर घडी न मोडलेली नवी सोलापुरी चादर. उशाशी थर्मास, त्याला किमतीचं लेबल तसंच. काकी म्हणाल्या की काकांनी सकाळी कपाटाची वरची फळी रिकामी केली. मी पुटपुटले, "काका, जुनं चाललं असतं मला." तर ते चक्क चिडले.

"तू आजारी असताना तुला जुनं देऊ? आम्ही काय भिकारी आहोत?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस नवी वस्तू कुणाला द्यायला कचरत नाही. फक्त ती स्वतःसाठी काढायची म्हटलं की त्याचा हात मागे येतो. पुढे एकदा मटार सोलता सोलता त्यांनीच सांगितलं. वडील गिरणीत. एका खोलीत सगळं बिऱ्हाड. पाच भाऊ, त्यात हे चौथे. "शर्ट माझ्यापर्यंत येईपर्यंत त्याचा मूळ रंग कुठला होता, ते आईलाच विचारायला लागायचं," असं म्हणून ते हसले. मला त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

गाडी त्यांनी रिटायर झाल्यावर घेतली. काकींचे गुडघे गेले होते. बसची पायरी चढवत नव्हती, रिक्षातून उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. काकींची थोरली बहीण मुलुंडला राहायची. तिला सगळे बाय म्हणत. लहानपणी आई गेल्यावर काकींना तिनंच वाढवलेलं. आता तिला जवळजवळ दिसत नव्हतं, घराबाहेर पडणं बंद झालं होतं. दिंडोशी आणि मुलुंड, मध्ये फक्त डोंगर. पक्षी असतो तर चहाला जाऊन आलो असतो. माणसाला मात्र सगळा डोंगर वळसा घालून जावं लागतं, आणि काकींच्या गुडघ्यांना तो वळसा झेपत नव्हता. दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बोलायच्या आणि बोलणं संपताना काकी दर वेळी म्हणायच्या, "येतंय गो बाय, लवकर येतंय."

म्हणून काकांनी छोटी पांढरी गाडी घेतली. त्या वयात ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन लायसन्स काढलं. चाकाखाली लिंबं ठेवली, हार घातला, पेढे वाटले. आणि गाडीवर कव्हर घातलं.

ते कव्हर निघायचं फक्त सकाळी. काका खाली उतरायचे, कव्हराची घडी घालायचे, गाडी पुसायचे, मग पाचेक मिनिटं सुरू ठेवायचे. टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून गाडीभर पुढे, गाडीभर मागे. की परत कव्हर. आतल्या सीटवर शोरूमचं प्लॅस्टिक तसंच. कधीमधी वसाहतीला एक फेरी, एवढीच तिची मजल. पोरं क्रिकेट खेळताना ओरडायची, "झाकलेल्या गाडीला लागला तर आऊट!"

काकी विचारायच्या, "मुलुंडला कधी जायचं हो?"

"बोगदा होतोय ना डोंगरातून. तो झाला की पंधरा-वीस मिनिटांत पोचू. आत्ता त्या ट्रॅफिकमध्ये नवी गाडी कशाला घालायची?"

काकी कामाला लागायच्या. त्यांना भांडायची सवय नव्हती.

असं वर्ष होत आलं. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, नंतर लागते. मुदत संपायला आठवडा असतानाच काकांनी मला रविवारी सकाळी विचारलं, "येतेस का पंपावर? एकटा गेलो तर मागे घेताना कळत नाही." गावी वडिलांची जीप चालवून माझा हात साफ होता, हे त्यांना माहीत होतं. मी गेले.

पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीची टपरी होती. आतल्या तरुण माणसानं गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "नवीनच आहे की काका. नळी घालायची पण गरज नाही. नंबरप्लेटचा फोटो काढतो, सर्टिफिकेट घ्या आणि जा."

काकांनी गाडी बंद केली आणि खाली उतरले.

"न तपासता कागद देणार?"

"अहो, पासच असणार ती."

"असणार वेगळं आणि असणं वेगळं. माल बघितल्याशिवाय मी आयुष्यात सही केली नाही. नळी घाल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यानं कंटाळून मशीन लावलं, नळी सायलेन्सरमध्ये सरकवली, काकांना गाडी रेस करायला सांगितली. पडद्यावर आकडे आले. त्यानं परत एकदा केलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "आयला. फेल दाखवते ही."

"काय?"

"धूर जास्त येतोय. मर्यादेच्या बाहेर."

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. शाळेतल्या हुशार पोराचा निकाल सांगताना कुणी भलताच आकडा वाचावा, तसा. तो माणूस बिचारा चांगला होता. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. फोटोवर देऊन टाकतो मी. कोण बघतंय?"

"मी बघितलं ना," काका म्हणाले.

तिथून तसेच आम्ही गॅरेजात गेलो. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, किलोमीटरचा आकडा पाहिला आणि हसायलाच लागला. "काका, ही गाडी आहे की देव्हाऱ्यातली मूर्ती? रोज थंड इंजिन सुरू करायचं आणि गरम व्हायच्या आत बंद करायचं. आतला कचरा जळणार कधी? सायलेन्सर तापतच नाही, तर धूर साफ कसा होणार? काही बिघडलेलं नाहीये. हायवेला घेऊन जा, तासभर मोकळी पळवा, आणि गरम असतानाच तपासा. झकास पास होईल."

घरी आल्यावर काकांनी गाडीवर कव्हर घातलं आणि जेवायला बसलेच नाहीत. संध्याकाळी सोफ्याच्या प्लॅस्टिकवर बसून राहिले होते. मग म्हणाले, "विकून टाकू."

काकी भाजी निवडत होत्या. "काय?"

"गाडी. आठवड्यानं मुदत संपेल. पीयूसी नसलेली गाडी मी रस्त्यावर काढणार नाही. आणि रस्त्यावर काढल्याशिवाय ती पास होणार नाही. त्या हायवेवर मला नाही जमायचं. एवढी जपली, एक ओरखडा येऊ दिला नाही, आणि नापास म्हणे! गिऱ्हाईक बघतो."

तोवर मला वाटत होतं की काका ट्रॅफिकचं, बोगद्याचं निमित्त करतात ते गाडी जुनी होईल म्हणून. त्या संध्याकाळी लक्षात आलं, ते घाबरलेले होते. वर्षभर. आणि ते बोलायची त्यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, "काका, मी चालवते ना. तुम्ही शेजारी बसा." त्यांनी मान हलवली. नाही.

काकी भाजी घेऊन आत गेल्या.

पुढच्या रविवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते, तर काकी बाहेर जायची साडी नेसून, गजरा माळून खोलीतून आल्या. हातात पिशवी. चपला घालून लिफ्टकडे निघाल्या. काका पेपरातून वर बघत राहिले. "अगं, कुठे?"

काकी एरवी आमच्याशी साधं मराठी बोलायच्या. चिडल्या की मात्र सरळ मालवणीत शिरायच्या.

"गाडी तापवूची आसा ना? मग चला. मुलुंडाक जाताना आपसूक तापतली."

"अगं, पण तो बोगदा…"

"बोगदो होयसर माझी बाय रवतली काय?"

बोगदा होईपर्यंत बाय राहणार आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. पण लिफ्टचं दार उघडून धरून त्या उभ्या राहिल्या आणि काका पेपर खाली ठेवून उठले.

काकी पुढे बसल्या, मी मागे. काकांनी आरेतून जायचं ठरवलं, तिथे गर्दी कमी म्हणून. खरंच झाडांखालचा रस्ता बराच मोकळा होता. काका स्टिअरिंगला असे चिकटून बसले होते की काच नसती तर बॉनेटवर गेले असते. आम्हाला सगळ्यांनी ओव्हरटेक केलं. एका सायकलवाल्यानंही. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि कुणी जरा हललं की सीटचं प्लॅस्टिक कुरकुर वाजायचं.

गोठे मागे पडले आणि एका चढावर गाडी बंद पडली. मागे बस. बसनं हॉर्न दिला. काकांनी चावी फिरवली, गाडीनं गचका दिला, परत बंद. थोडी मागे सरकली. बसवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. एक रिक्षावाला बाजूनं जाताना ओरडला, "अंकल, बस से जाने का ना!" मी पुढे वाकून म्हटलं, "काका, हँडब्रेक लावा आणि उतरा. मी घेते."

त्यांनी हँडब्रेक लावला. दाराच्या हँडलवर हातही गेला.

काकींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मागचो बोंबलता तर बोंबलांदे," त्या म्हणाल्या. "तुमी समोर बघा."

काकांनी हात परत स्टिअरिंगवर ठेवला. डोळे मिटले, उघडले. मग एकदम म्हणाले, "ते प्लॅस्टिक काढा आधी! त्या आवाजात मला इंजिन ऐकूच येत नाही."

मी केसातली पिन काढून माझ्या सीटचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. काकींनी अंगाखालचं ओढून काढलं. काकांनी स्वतः अर्धवट उठून त्यांच्या सीटचं फाडलं, बोळा करून मागे माझ्या मांडीवर टाकला. बसवाला बहुतेक थक्क झाला, कारण हॉर्न थांबला. त्या शांततेत काकांनी गाडी सुरू केली, कान देऊन क्लच सोडला, हँडब्रेक उतरवला, आणि गाडी चढ चढून गेली. पलीकडे पोचल्यावर त्यांनी श्वास सोडला तो मला मागे ऐकू आला. काकींनी पिशवीतून रुमाल काढून त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि रुमाल परत पिशवीत ठेवला.

पवई गेली. पूर्वेच्या हायवेला लागल्यावर रस्ता रुंद झाला आणि काका आपणहून पाचव्या गिअरमध्ये गेले. "हा गिअर मी आज पहिल्यांदा वापरतोय," ते म्हणाले, आणि आरशातून माझ्याकडे बघून हसले.

मुलुंडला बायचं घर तळमजल्यावर होतं. काकी दारात उभ्या राहिल्या आणि काही बोलायच्या आतच आतून आवाज आला, "कोण गो? माझा चेडू काय?" चेडू म्हणजे पोर. साठीच्या काकी तिथेच चौकटीला धरून रडायला लागल्या. बायनं चाचपडत येऊन त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी बघितला.

"कोणी आणल्यान गो तुका?"

"ह्यांनी. आमच्या गाडीतसून."

"गाडी? खंय आसा? माका दाखव."

कुणाला कळेना, दाखवायची कशी. पण बाय काठी घेऊन निघालीच. काका पुढे होऊन तिचा हात धरून गाडीपाशी घेऊन आले. तिनं छपरावरून, काचेवरून हात फिरवला. मग बॉनेटवर तळवा ठेवला आणि लहान मुलीसारखी हसली. "गरम आसा गो ही! लांबसून इलात तुमी."

तेवढ्यात तिची काठी घसरली आणि काठीचं लोखंडी टोक दारावर वरपासून खालपर्यंत ओढलं गेलं. करकरीत आवाज आला. पांढऱ्या रंगावर हातभर लांब रेघ.

मी काकांकडे पाहिलं. काकीही पाहत होत्या. बायनं घाबरून विचारलं, "काय झाला? काय मोडला काय?"

काका त्या रेघेकडे बघत होते.

"काही नाही बाय," ते म्हणाले, आणि त्यांनी तेच दार उघडलं. "बसा. तुम्हाला एक चक्कर मारून आणतो."

त्या दुपारी मुलुंडमध्ये बायला घेऊन आम्ही इतक्या चकरा मारल्या की मला त्या भागातल्या गल्ल्या पाठ झाल्या. बाय खिडकीतून हात बाहेर काढून वारा धरत होती आणि विचारत होती, आता काय दिसता? काकी सांगत होत्या. फुलवाला. शाळा. एक माणूस कुत्र्याला घेऊन चालला आहे. जुनं देऊळ, तेच, तू मला न्यायचीस ते.

परतताना हायवेवर पंप दिसला, बाजूला पीयूसीची टपरी. काका सरळ आत शिरले. तिथल्या माणसानंही गाडी बघून मोबाईल फोटोसाठी वर केला आणि काकांनी परत तेच सांगितलं. नळी घाल. नळी गेली, इंजिन रेस झालं, आकडे आले. काकी गाडीतच बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या.

"पास," तो माणूस म्हणाला. "एकदम क्लीन आहे काका. नवीनच आहे ना?"

"नाही," काका म्हणाले. "वापरातली आहे."

गाडीला ती रेघ शेवटपर्यंत राहिली. पुढे बाय असेपर्यंत महिन्यातून एक-दोनदा तरी ते मुलुंडला जायचे, बोगद्याची चौकशी कुणी केली नाही. पाव मात्र कालचाच खायचे. माणूस एका दिवसात सगळाच बदलतो असं मला वाटत नाही, आणि काका सगळेच बदलावेत अशी माझी इच्छाही नव्हती.

पण त्या दिवसाचा शेवट सांगायचा राहिला. पवईवरून पश्चिमेच्या हायवेला लागलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गोरेगाव गेलं. दिंडोशीचं वळण जवळ आलं, तरी काकांनी गाडी डाव्या बाजूला घेतली नाही. मला वाटलं विसरले. बाकीच्या गाड्यांच्या बरोबरीनं, त्यांच्याच वेगानं आम्ही पुढे निघून गेलो.

काकी दचकल्या. "अहो, वळाण गेला!"

"गेलं तर गेलं," काका म्हणाले. "पुढे बोरिवली आहे."

"बोरिवलीक कोण आसा आपला?"

"कोणी नाही."

काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली, पदर नीट खोचला आणि रस्त्याकडे बघायला लागल्या.